केस गेलेला हत्ती

“…पण महाराज, गेलेले केस परत येतात का?”

थोरल्या महाराजांनी मन्मथप्पांच्या टकलाकडं पाहिलं. निवांत पाहिलं. कानांमागं जी काय पांढरी लव उरली होती, तीही पाहिली.

“या वयात?”

“माझे नाहीत हो. हत्तीचे.”

“हत्तीला कुठले केस?”

“याला होते,” मन्मथप्पा म्हणाले. “भरपूर होते. पोटाखाली लोंबत होते. आमच्या मंडळींनी घासून काढले.”

महाराजांनी चुलीत एक काटकी सारली.

मांजरेच्या काठी, बाभळींच्या आड तो मठ. मठ म्हणजे काय, एक दगडी गाभारा, पुढं पडवी, पडवीच्या कोपऱ्यात चूल. चुलीवर दुधाचं पातेलं. मठातली सांडशी मागच्या जत्रेत कुणीतरी नेली ती नेलीच, आणि नवी आणायची रोज राहून जाई. महाराज पातेलं उतरवायचे ते आपल्या उपरण्याच्या पदरानं. उपरण्याची दोन्ही टोकं करपून काळी झाली होती आणि उजव्या हाताचा अंगठा कायम भाजलेला असायचा.

मन्मथप्पा उदगीरचे. मोंढ्यात आडत होती, ती मुलावर सोपवली आणि स्वतः नाण्यांच्या नादाला लागले. माणसाला म्हातारपणी काहीतरी लागतंच. कुणी भजनाला बसतं, कुणी सुनेच्या मागं लागतं. मन्मथप्पा नाण्यांच्या मागं लागले.

आणि सगळ्या नाण्यांत त्यांचा जीव होता तो एकात.

“दाखव,” महाराज म्हणाले.

मन्मथप्पांनी पिशवीतून मखमलीची पेटी काढली. पेटीत प्लॅस्टिकची गोल डबी. डबीत चांदीचं नाणं, चांगलं रुंद, जाड. महाराजांनी हात पुढं केला.

“थांबा, थांबा!”

महाराजांचा हात हवेतच राहिला.

“तसं नाही धरायचं महाराज. आधी हे.” मन्मथप्पांनी पांढऱ्या सुती हातमोज्यांची जोडी पुढं केली. “माणसाच्या बोटाला घाम असतो, तेल असतं. चांदीवर डाग पडतो. मी स्वतः आजवर उघडं बोट लावलेलं नाही.”

“तू आणलंस ना हे?”

“भाच्याकडून मागवलं. परदेशातून.”

“आणि तू हात लावला नाहीस.”

“नाही म्हणजे नाही,” मन्मथप्पा म्हणाले. छाती थोडी पुढं आली.

महाराजांनी मोजे घ्यायला काही आढेवेढे घेतले नाहीत. घालायला मात्र वेळ लागला. डाव्या हाताचा मोजा उजव्यात गेला, मग अंगठ्याच्या जागी करंगळी आली. शेवटी दोन्ही हात पांढरे झाले. महाराजांनी ते डोळ्यांपुढं धरून उलटेसुलटे पाहिले.

“लग्नातल्या बँडवाल्यासारखा दिसतोय मी.”

मन्मथप्पांना हसू आलं नाही. त्यांनी डबी उघडून नाणं मोज्यावर ठेवलं.

नाण्यावर हत्ती होता. म्हणजे हत्तीसारखा. पाठ उतरती, डोकं उंच, सुळे एवढे लांब आणि वाकडे की पुढं येऊन परत वळलेले. पायांखाली बर्फ. आणि अंग… अंग गुळगुळीत. कानामागं आणि शेपटीच्या मुळाशी तेवढे केस राहिले होते, बारीक, एकेक कोरलेले. बाकी सगळा हत्ती नुकताच न्हाव्याकडून आल्यासारखा.

“हा कुठला?”

“मॅमथ म्हणतात त्याला. केसाळ हत्ती. हजारो वर्षांपूर्वीचा. आता जगात एकही नाही.”

“एकही?”

“एकही नाही. म्हणून तर नाण्याची किंमत. अशी नाणी थोडीच काढली आणि साचा मोडून टाकला. आपल्या सगळ्या जिल्ह्यात हे एकच आहे, महाराज. माझ्याकडं.”

“का मेले?”

“बर्फ वितळलं म्हणतात. चारा गेला. शिकारही झाली. हळूहळू कमी होत गेले.”

“म्हणजे शेवटी एकच राहिला असेल.”

“असेल की.”

“तुझ्या नाण्यासारखा.”

मन्मथप्पांना ते स्तुतीसारखं वाटलं आणि नीटसं स्तुतीसारखंही वाटलं नाही.

“तो शेवटचा काय करत असेल रे, दिवसभर?”

“…ते कुठं लिहिलेलं नाही.”

महाराजांनी नाणं डबीत ठेवलं. मोजे मात्र काढले नाहीत.

“आता सांग. काय झालं?”

झालं होतं ते असं.

लक्ष्मीपूजनाचा दिवस. प्रयागबाई, मन्मथप्पांच्या मंडळी, घरातली चांदी काढून बसल्या होत्या. समई, तबक, पंचपाळं, नाणी. चिंचेचं पाणी, राख, मऊ फडकं. दरसालचं काम. सणाचं म्हणून दुकानात जायच्या घाईत मन्मथप्पांचं कपाट उघडं राहिलं होतं. त्यात मखमलीच्या पेटीत प्रयागबाईंना चांदीचा हत्ती दिसला.

लक्ष्मीच्या दोन्ही बाजूंना हत्ती असतात. यांनी पूजेसाठी हत्तीचं नाणं आणलंय आणि आपल्याला सांगायचं विसरले, असं त्यांना वाटलं. आनंद झाला. नाणं पाहिलं तर हत्ती सगळा काळपट, मळकट, अंगावर रेघाच रेघा. किती वर्षांचा मळ बसलाय, त्या मनाशी म्हणाल्या. कुठल्या दुकानदारानं असला देव माथी मारला यांच्या.

चिंच लावली. निघेना. राख लावली. निघेना. मग पांढरं दंतमंजन आणलं आणि अंगठ्यानं घासत बसल्या. पाठ निघाली, पोट निघालं, पाय निघाले. कानामागं अंगठा पोचेना, ते राहिलं.

संध्याकाळी मोंढ्यातली चार माणसं घेऊन मन्मथप्पा पूजेला आले. चौरंगावर, लाल कापडावर, मधोमध त्यांचा मॅमथ. कपाळाला हळदकुंकू. पुढं लाह्या-बत्तासे.

“कसा लख्ख निघाला बघा,” प्रयागबाई म्हणाल्या.

आणि मन्मथप्पांनी, त्या चार माणसांदेखत…

“काय म्हणालास?” महाराजांनी विचारलं.

“रागात म्हणालो.”

“रागात काय म्हणालास?”

“म्हणालो, आजपासून माझ्या एकाही वस्तूला हात लावायचा नाही.”

“मग?”

“ती म्हणाली, बरं.”

“मग?”

“मग काय महाराज… तेव्हापासून लावत नाही.”

महाराजांनी भुवया वर केल्या.

“तुझं ऐकते. मग गाऱ्हाणं कसलं?”

मन्मथप्पांनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. सोडला. परत गुंडाळला.

“सदरा खुंटीवर लटकलाय तसाच. म्हणते, सदरा तुमचा. चष्मा खाली पडला तर ओलांडून जाते. भाकरी करते, कोरड्यास करते, चुलीपाशी ठेवते. ताट वाढत नाही. ताटावर माझं नाव आहे ना… आमच्या वडलांनी घालून दिलेलं. तेवढं घर झाडते. घर तिच्या नावावर आहे.”

“झाडते ना? चांगलं आहे.”

“झाडताना माझी खाट तेवढी सोडून झाडते महाराज! खाटेखाली कचरा, बाकी सगळं चकचकीत.”

महाराजांचं अंग हललं. हसले की खोकले, कळलं नाही.

“तुम्ही तिला समजावून सांगा,” मन्मथप्पा म्हणाले. “तुमचा शब्द ती खाली पडू देत नाही. आणि या नाण्याचंही बघा काहीतरी. तुम्हाला झाडपाला कळतो. चांदीवर काही लेप… काही तोडगा…”

“बर्फातून उदगीरला आलाय तो,” महाराज म्हणाले. “इथल्या उन्हात त्याला केस कशाला?”

“चेष्टा करता महाराज.”

“नाही रे. त्याच्या अंगाचा विचार करतो. तू त्याच्या किमतीचा कर.”

दूध अजून निवांत होतं. कडेला बारीक बुडबुडे धरत होते.

“प्रयाग कुठं आहे? दोघांना बोलावलं होतं.”

“येतेय.”

“म्हणजे?”

“गाडीत बस म्हणालो. मागं बस, पुढं बस, कुठंही बस. तर म्हणते, गाडी तुमची.” मन्मथप्पांनी घसा खाकरला. “एसटीनं येतेय. फाट्यावर उतरून चालत.”

“आणि तू?”

“मी गाडीतून आलो.”

“फाट्यावर थांबला नाहीस?”

“…थांबून काय केलं असतं?”

महाराज बाभळींच्या वाटेकडं पाहत बसले. मन्मथप्पांनाही तिकडंच पाहावं लागलं.

बऱ्याच वेळानं बाभळीआडून हिरवं लुगडं दिसलं. डोक्यावर पदर, हातात वायरची पिशवी, पावलं धुळीनं घोट्यापर्यंत भरलेली. आंगणातल्या रांजणापाशी त्यांनी पाय धुतले, तोंडावर पाणी मारलं, आणि पडवीत येऊन महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं.

“ये माय. दमलीस?”

“दमतेय कशाला? वाटेत करडईची शेतं बघत आले. औंदा फूल चांगलंय.” मग त्यांचं लक्ष महाराजांच्या हातांकडं गेलं. “बया! हाताला काय झालं महाराज? भाजलं का?”

“नाही. हत्ती धरला होता.”

प्रयागबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं नाही. पिशवीतून गूळ-शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा काढून महाराजांपुढं ठेवला. डबा स्वतःचा होता, माहेरचा.

“नवऱ्याची तुझ्यावर तक्रार आहे,” महाराज म्हणाले.

“करू द्या की.”

“म्हणतो, तू त्याचं ऐकतेस.”

“ऐकू नको का?”

“ऐका हो, ऐका महाराज,” मन्मथप्पा मधेच म्हणाले. “हे असं बोलते! सरळ बोलायचं नाही. मी एक शब्द रागात बोललो, तर तो धरून बसली. ताप आला होता मला. विचारा तिला. भर दुपारी अंगात ताप, डोळे उघडवत नव्हते. म्हणालो, जरा हात लावून बघ गं, किती आहे. तर दारात उभी राहून काय म्हणाली विचारा.”

“काय म्हणालीस माय?”

प्रयागबाई आपल्या पायाच्या नखाकडं पाहत होत्या.

“म्हणाले, डोकं तुमचंय.”

“बघा!” मन्मथप्पा म्हणाले. “आणि शेजारच्या मास्तरांना बोलावून आणलं. मास्तरांनी माझ्या कपाळाला हात लावला! मास्तरांनी! बायको दारात, आणि कपाळावर मास्तरांचा हात.”

“औषध दिलं होतं की,” प्रयागबाई म्हणाल्या. “पाणी ठेवलं. पेज ठेवली. मास्तर गेले तरी मी तिथंच बसले होते. उठले नाही.”

“बसली होतीस तर हात लावायला काय झालं होतं?”

“लावून बसले एकदा. त्याचं काय झालं, चार माणसांनी ऐकलं.”

नदीकडून एक टिटवी ओरडत गेली.

मन्मथप्पांना आता वाटत होतं, महाराज प्रयागला काहीतरी सुनावतील. नवऱ्याचं मन जाणावं वगैरे. त्यासाठी तर ते आले होते. केसांचं आपलं निमित्त पुढं केलेलं. उदगीरहून निघताना त्यांनी स्वतःलाही तेच सांगितलं होतं, की नाण्यासाठी चाललोय.

महाराज म्हणाले, “माय, मघाशी आमचं एका गोष्टीवर अडलं होतं. या हत्तीच्या जातीतले सगळे मेले. शेवटी एक राहिला. तो काय करत असेल दिवसभर?”

“हाच का तो?” प्रयागबाईंनी लांबूनच डबीकडं मान वळवली.

“हाच.”

“असा एकटा?”

“एकटा.”

प्रयागबाईंनी जरा विचार केला.

“आमच्या गोठ्यात म्हैस मेली होती मागं. तिचं रेडकू राहिलं. चारा खायचं, पाणी प्यायचं, सगळं करायचं. पण उठलं की दावणीच्या खांबाला अंग घासत राहायचं. एवढं घासलं की खांब गुळगुळीत झाला.” त्या थांबल्या. “हाही कशालातरी घासत असेल. झाडाला. दगडाला.”

“बर्फात झाड नसतं,” मन्मथप्पा पुटपुटले.

“मग दगडाला.”

महाराजांनी मान हलवली. मग ते उठले, गाभाऱ्यात गेले आणि भस्माचं भांडं घेऊन आले. मठात आलेला माणूस भस्म लावल्याशिवाय परत जात नाही, ही तिथली रीत. मन्मथप्पा बाळपणापासून या पडवीत येत, आणि महाराज अंगठ्यानं त्यांच्या कपाळावर भस्म ओढत. लहानपणी तो अंगठा मऊ होता. आता खरखरीत झाला होता, भाजून भाजून. कपाळाला खरवडल्यासारखं व्हायचं, पण ते झालं की मन्मथप्पांना मठात आल्यासारखं वाटायचं.

“पुढं ये.”

मन्मथप्पा सरकले. डोळे मिटले. मान खाली घातली.

महाराजांनी पांढरी मोज्याची बोटं भस्मात बुडवली आणि त्यांच्या कपाळावरून ओढली.

मऊ लागलं. कापसासारखं. काहीच न लागल्यासारखं.

मन्मथप्पांनी डोळे उघडले.

“लागलं का?” महाराजांनी विचारलं.

“…नाही महाराज.”

“थांब.”

परत बुडवली. परत ओढली. भस्म सगळं कापडात बसलं. कपाळ कोरडंच.

“आता?”

“नाही लागलं. महाराज, ते… मोजे काढा की.”

“छे.”

“अहो, भस्म कुठं मोज्यानं लावतात?”

“माझ्या बोटाला घाम आहे. तेल आहे. डाग पडायचा.” महाराजांनी बोटं तिसऱ्यांदा भांड्यात घातली. “असलं कपाळ सगळ्या जिल्ह्यात एकच आहे. जपलं पाहिजे.”

प्रयागबाईंच्या तोंडातून हुंदका की हसू, असं काहीतरी निसटलं. त्यांनी पदर तोंडावर धरला.

मन्मथप्पा मात्र हसले नाहीत. ते तसेच मान पुढं करून बसले होते. पांढरा हात कपाळावरून फिरत होता आणि काही लागत नव्हतं. फिरत होता आणि काही लागत नव्हतं. त्यांना त्या दुपारचा ताप आठवला. मास्तरांचा गार, परका हात आठवला, आणि दारातलं हिरवं लुगडं.

“पुरे महाराज,” ते म्हणाले.

महाराज थांबले.

मन्मथप्पांनी डबी पुढं ओढली. झाकण उघडलं. जरा थांबले. मग दोन बोटं आत घालून नाणं उचललं.

उघड्या बोटांनी.

नाणं गार होतं. वाटलं होतं त्याहून जड होतं. त्यांनी ते तळहातावर घेतलं. एवढे दिवस जे फक्त डोळ्यांनी पाहिलं होतं त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला. प्रयागचा अंगठा जिथून फिरला होता तिथून. गुळगुळीत. पोटावर गुळगुळीत. कानामागं मात्र बोटाला काहीतरी खरखर लागली. उरलेले केस.

तळहाताची ऊब लागून चांदी हळूहळू कोमट झाली.

“हे घे,” ते प्रयागबाईंकडं न बघता म्हणाले.

प्रयागबाईंनी हात पुढं केला नाही.

“वस्तू तुमची आहे.”

“घे म्हणतो ना.”

“घेईन, आणि उद्या काही झालं तर?”

मन्मथप्पांनी तोंड उघडलं. मिटलं. मोंढ्यात बोलीच्या वेळी कधी शब्द कमी पडला नव्हता त्यांना. चार माणसांदेखत बोललेलं एक वाक्य आता परत घ्यायचं, तर ते कुठून धरावं हेच कळेना. चुकलो म्हणावं, तर जीभ तिकडं वळेना. तशी सवयच नव्हती तिला.

महाराज चुलीकडं तोंड करून बसले होते. दूध फुगू लागलं होतं.

“बघ बरं…” मन्मथप्पा म्हणाले.

“काय बघू?”

“ताप आहे का.”

प्रयागबाईंनी आता पहिल्यांदा नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं. कोरडं कपाळ, भुवयांवर भस्माचा चुरा, तळहातावर तो बोडका हत्ती.

“आता कुठला ताप? गाडीतून आलात. सावलीतून.”

“तरी बघ.”

“मास्तरांना बोलवायचं का?”

“प्रयाग…”

पुढं काही आलं नाही. नुसतं नाव आलं. चार माणसांत ते कधी बायकोचं नाव घेत नसत. ‘आमच्या मंडळी’ म्हणत.

प्रयागबाईंनी हात पदराला पुसला. एकदा पुसला, परत पुसला. मग तो मन्मथप्पांच्या कपाळावर ठेवला.

चिंच, राख, भांडी, भाकरी, सगळं त्या हाताला लागलेलं होतं. खरखरीत होता.

“नाही,” त्या म्हणाल्या. “गार आहे.”

“नीट बघ.”

“बघतेय की.”

त्यांनी हात काढला नाही.

तेवढ्यात दूध वर आलं. महाराजांनी पांढऱ्या मोज्यांनीच पातेल्याचे काठ धरले आणि उचलून खाली ठेवलं. एक थेंब सांडला नाही. मोज्यांवर काळे पट्टे उमटले. महाराजांनी बोटं हलवून पाहिली. अंगठा पाहिला. त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

मग तिघांनी दूध घेतलं. लाडू खाल्ले. बोलणं निघालं ते करडईचं, जत्रेचं, मास्तरांच्या गुडघेदुखीचं. नाण्याचं कुणी काढलं नाही. निघताना प्रयागबाईंनी ते पदराच्या टोकाला बांधलं, गाठ मारली आणि कमरेला खोचलं, जसे भाजीबाजाराला जाताना सुटे पैसे खोचतात.

“पडेल,” मन्मथप्पा म्हणाले.

“नाही पडत.”

“घासलं जाईल कापडाला.”

प्रयागबाईंनी नुसतं पाहिलं. मन्मथप्पांनी गाडीपाशी जाऊन पुढचं दार उघडून धरलं. प्रयागबाईंनी आधी धुळीची पावलं बाहेर आपटली, मग आत बसल्या. बसल्या बसल्या काचेपुढं साठलेली धूळ त्यांनी हातानं पुसून काढली, आणि मन्मथप्पा ते पाहत उभे राहिले.

मग त्यांना काहीतरी आठवलं.

“आलोच,” म्हणत ते परत फिरले, लगबगीनं पडवीच्या पायऱ्या चढले. महाराज चुलीपाशी होते. रात्रीच्या आंबिलीचं पातेलं चुलीवर चढत होतं. हातांत मोजे तसेच, आता चांगलेच काळे झालेले.

“महाराज, ते मोजे… माझ्याकडं दुसरी जोडी नाही. बाकीची नाणी आहेत घरी.”

महाराजांनी पातेलं नीट टेकवलं. मग मोजे घातलेले दोन्ही हात छातीशी धरले, जसं एखादं पोर आपलं खेळणं धरतं.

“राहू दे इथंच. चटका इथं बसतो.”